नौकेवरील बॅटरी : सूर्य आणि इंजिन यांचा मेळ

कोकण किनाऱ्यावरील अनेक शेतकरी कुटुंबे मासेमारीही करतात. त्यांच्या यांत्रिक नौकेवरील दिवे, बिनतारी संच, मासळी शोधण्याचे यंत्र आणि इंजिनाचा स्टार्टर ही सर्व बॅटरीवर अवलंबून असतात. भर समुद्रात बॅटरी उतरल्यास इंजिन सुरू होत नाही व मदतीची हाकही देता येत नाही. म्हणून बॅटरीची निगा हा खलाशांच्या जिवाचा प्रश्न आहे.

दोन साधने कशासाठी? इंजिनावरील अल्टरनेटर थोड्या वेळात पुष्कळ वीज देतो. परंतु शिसे-आम्लाची बॅटरी सुमारे ८० टक्के भरली की ती वीज सावकाश घेऊ लागते व उरलेला भाग भरण्यास कित्येक तास लागतात. केवळ तेवढ्यासाठी इंजिन चालविणे म्हणजे डिझेल वाया घालविणे होय. सौर पॅनेल थोडी वीज देते, पण दिवसभर देते. मोठा भाग अल्टरनेटरने भरावा व शेवटचा सौर पॅनेलने पुरा करावा. वरचेवर अर्धवट भरलेल्या बॅटरीचे आयुष्य घटते, हे ध्यानात ठेवावे.

हिशेब : समजा, १२ व्होल्टच्या नौकेवर एका दिवसात ४०० वॉट-तास वीज खर्च होते, म्हणजे सुमारे ३३ अँपिअर-तास. १०० वॉटच्या पॅनेलास ५ तास चांगले ऊन मिळाल्यास, घट वजा जाता, सुमारे ३५० वॉट-तास हाती येतात. उरलेली तूट इंजिन चालू असताना अल्टरनेटर सहज भरून काढतो. ढगाळ दिवशी मात्र बहुतेक भार अल्टरनेटरवर पडतो.

जोडणी : १. पॅनेल बॅटरीस थेट जोडू नये. मध्ये चार्ज कंट्रोलर बसवावा. जोडताना आधी बॅटरी व नंतर पॅनेल जोडावे. काढताना आधी पॅनेल काढावे.
२. दोन्ही तारांवर बॅटरीच्या धन टोकाजवळ योग्य फ्यूज घालावा.
३. स्टार्टरची बॅटरी वेगळी ठेवावी, म्हणजे रात्रभर दिवे जळले तरी इंजिन सुरू होईल.
४. इंजिन चालू असताना बॅटरीचे बटण कधीही बंद करू नये. तसे केल्यास अल्टरनेटरचे डायोड जळण्याचा संभव असतो.

इंजिन चालू असताना बॅटरीचा व्होल्टेज १४ च्या वर जातो. तो पाहून कंट्रोलर पॅनेलची वीज कमी करतो. हा बिघाड समजू नये.

निगा : पॅनेलावर जाळी, दोर अथवा डोलकाठीची सावली पडू देऊ नये, थोड्या सावलीनेही वीज बरीच घटते. मिठाचा थर गोड्या पाण्याने धुवावा. बॅटरीची जागा हवेशीर असावी, कारण ती भरताना निघणारा वायू स्फोटक असतो. बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. काही तास विश्रांती दिलेल्या बॅटरीचा व्होल्टेज १२.७ असल्यास ती भरलेली व १२.२ असल्यास सुमारे अर्धी समजावी. अर्ध्याखाली ती उतरू देऊ नये.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर असताना उभी बॅटरीही आपोआप उतरते. त्या काळात पॅनेल उघडे व जोडलेले ठेवावे. गावच्या कार्यकर्त्यांनी याच दिवसांत प्रत्येक तांडेलासमवेत बसून त्याच्या नौकेचा वरील हिशेब मांडून द्यावा, म्हणजे हंगामाच्या पहिल्या फेरीपूर्वी उणीव भरून काढता येईल.