जुन्या हॉर्न स्पीकरच्या क्रॉसओव्हरला हात लावण्यापूर्वी

हॉर्न स्पीकरमधील क्रॉसओव्हर हे कॉइल, कपॅसिटर आणि बऱ्याचदा एक ऑटोट्रान्सफॉर्मर यांचे जाळे असते. अँप्लिफायरकडून येणाऱ्या संकेतातला खर्ज ते वूफरकडे, मधला पट्टा मिडरेंज हॉर्नकडे आणि वरचा पट्टा ट्वीटरकडे पाठवते. सुटे भाग मोजकेच असल्यामुळे ते बदलणे हौशी माणसाला सोपे वाटते. पण यातला प्रत्येक आकडा समोरच्या ड्रायव्हरच्या रोधाशी आणि हॉर्नच्या मापाशी जखडलेला असतो. एक आकडा हलवला की दुसरा आपोआप चुकतो, आणि बहुतेक बिघाड इथेच सुरू होतात.

हॉर्नला एक खालची मर्यादा असते. तिच्याखाली हवेचा भार सुटतो, ड्रायव्हरचा पडदा गरजेपेक्षा जास्त हलू लागतो, आवाज फाटतो आणि शेवटी पडदाही फाटतो. आल्टेकच्या ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ मालिकेतील ए-७ मध्ये हे स्पष्ट दिसते. मोठ्या ५११ हॉर्नबरोबर क्रॉसओव्हर ५०० हर्ट्झचा आणि लहान ८११ बरोबर ८०० हर्ट्झचा. आतली जाळी दिसायला जवळपास सारखी असली तरी ५०० चे जाळे ८११ ला जोडणे म्हणजे ड्रायव्हर गमावण्याची तयारी करणे. जुन्या बाजारातून जाळे वेगळे आणि हॉर्न वेगळा घेणाऱ्यांनी हा मेळ आधी पाहावा.

सर्वांत फसवा भाग ऑटोट्रान्सफॉर्मरचा. पॉल क्लिप्श यांच्या ला स्काला या स्पीकरमध्ये, विशेषतः १९७० च्या दशकातील ‘एए’ जाळ्यात, मिडरेंजचा आवाज या ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवरून ठरतो. मिडरेंज थोडा पुढे येतो असे वाटले की वायर एक टॅप खाली जोडण्याचा मोह होतो. ट्रान्सफॉर्मर मात्र आवाज कमी करतानाच ड्रायव्हरचा रोध वाढवून दाखवतो : ३ डेसिबल कमी केले तर दुप्पट, ६ डेसिबल कमी केले तर चौपट. १६ ओहमचा ड्रायव्हर ३ डेसिबलच्या टॅपवर जाळ्याला ३२ ओहमचा दिसतो आणि १३ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरबरोबर विभाजन सुमारे ३८० हर्ट्झवर होते. तोच ड्रायव्हर ६ डेसिबलच्या टॅपवर ६४ ओहमचा होतो आणि विभाजन १९० हर्ट्झपर्यंत घसरते. कपॅसिटरही अर्धा, म्हणजे ६.५ मायक्रोफॅरडचा केला तरच ते जागेवर राहते.

प्रस्तुत लेखकाकडे तपासणीसाठी आलेल्या एका जोडीत नेमके हेच झालेले होते. हळू आवाजात ती गोड वाजे. आवाज वाढवला की गायकाचा खालचा स्वर घोगरा होई. आधीच्या मालकाने ड्रायव्हर खराब झाल्याच्या समजुतीने त्याचे पडदे बदलून घेतले होते, तरी दोष राहिला होता. कपॅसिटर अर्धा करताच तो गेला. पडद्यांवर झालेला खर्च केवळ एका वायरीपायी होता.

यावर एक उपाय म्हणून ट्रान्सफॉर्मरला समांतर १० ओहमचा रोधक लावतात. मग टॅप बदलला तरी एकूण रोध ८ ओहमच्या आसपास राहतो. पण त्यासाठी कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडच्या घरातला लागतो, रोधक चांगल्या वॅटेजचा हवा आणि अँप्लिफायरवरचा भार वाढतो. व्हॉल्व्हच्या लहान अँप्लिफायरवर स्पीकर चालवणाऱ्याने हा मार्ग टाळलेला बरा.

कपॅसिटर बदलणे हे मात्र खरोखर गरजेचे काम असू शकते. जुन्या कपॅसिटरच्या डब्यांची धारिता मीटरवर बऱ्याचदा बरोबर येते, पण अंतर्गत रोध वाढलेला असतो. साध्या मल्टिमीटरवर तो दिसत नाही, ईएसआर दाखवणारे मीटर लागते. मोजताना कपॅसिटरचे एक टोक सोडवलेले असावे. तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यांत पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल हे घातक द्रव्य असण्याची शक्यता असते. अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. असा डबा फोडू नये, गळत असेल तर हातमोज्यांशिवाय धरू नये आणि भंगारात देऊ नये.

नव्या कपॅसिटरची धारिता मूळचीच ठेवावी. कमी ऱ्हासाचा फिल्म कपॅसिटर लावल्यावर ट्वीटर अचानक तेज वाटतो, आणि लगेच रोधक टाकून तो दाबण्याची घाई होते. कान बोथट आवाजाला सरावलेला असतो, म्हणून काही दिवस ऐकून मगच ठरवावे. धारिता, व्होल्टेज आणि ऱ्हास योग्य असतील तर साधा पॉलिप्रॉपिलिन कपॅसिटर पुरेसा आहे. त्यापुढची किंमत वेष्टनाची असते, हे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

‘एए’ जाळ्यात ट्वीटरच्या संरक्षणासाठी एकमेकांकडे पाठ केलेले दोन झेनर डायोड असतात. ते आवाज बिघडवतात म्हणून काढण्याची प्रथा पडली आहे. काढायचे असतील तर त्या जागी दुसरे संरक्षण नाही, हे जाणून काढावेत. क्लिपिंगमध्ये गेलेला अँप्लिफायर जुन्या ट्वीटरची कॉइल सहज जाळतो, आणि मूळ सुटा भाग मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे.

जाळ्यातली वूफरकडची कॉइल बदलताना हेन्रीइतकाच तारेचा रोध पाहावा. लोखंडी गाभ्याऐवजी बारीक तारेची हवेच्या गाभ्याची कॉइल लावली तर रोध वाढतो, खर्ज सैल होतो आणि आवाजही थोडा बसतो. दोन कॉइल शेजारी असतील तर त्या काटकोनात ठेवाव्यात, आणि लोखंडी स्क्रूने आवळू नयेत.

बदल एका वेळी एकच करावा, तोही आधी एकाच स्पीकरमध्ये. दुसरा मूळ अवस्थेत ठेवून दोन्ही मोनोमध्ये आळीपाळीने ऐकावेत. ला स्कालाची संवेदनशीलता सुमारे १०४ डेसिबल असल्याने घरात एक वॅटही खर्च होत नाही, आणि एखाद्या डेसिबलचा फरकही कानाला कळतो. नव्याने जोडलेले जाळे प्रथम अगदी मंद आवाजात चालवावे. ट्वीटरकडच्या कपॅसिटरमध्ये शॉर्ट असेल तर मोठ्या आवाजात ते कळेपर्यंत ट्वीटर गेलेला असतो. डाख देण्यापूर्वी प्रत्येक वायरीचा फोटो घ्यावा आणि ध्रुवता लिहून ठेवावी. ती उलटली तर विभाजनाच्या पट्ट्यात आवाजाला खड्डा पडू शकतो आणि दोष भलत्याच भागावर जातो.

काढलेले मूळ जाळे कापू नये, त्यातले भाग दुसरीकडे वापरू नयेत. ते अखंड ठेवावे आणि स्पीकर विकताना सोबत द्यावे.