घर लावून देण्याचा व्यवसाय आणि त्याची भाषा

प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात माहितीपत्रक आणि करारलेखन यांना महत्त्वाचे स्थान आहे. प्रस्तुत घटकात आपण एका नव्या सेवाव्यवसायाच्या निमित्ताने या दोन्ही लेखनप्रकारांचा विचार करणार आहोत. हा व्यवसाय म्हणजे मोबदला घेऊन दुसऱ्याचे घर लावून देणे. अमेरिकेत अशा व्यावसायिकांची संघटना १९८० च्या दशकातच स्थापन झाली. जपानच्या मारी कोंडो यांचे या विषयावरील पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आले, २०१९ मध्ये त्यांची मालिका नेटफ्लिक्सवर प्रसारित झाली आणि जगभर या कामाची चर्चा झाली.

व्यवसाय नवा असला तरी काम जुनेच आहे. मोठे मडके तळाशी आणि त्यावर क्रमाने लहान मडकी रचलेली उतरंड ही कमी जागेत अधिक धान्य ठेवण्याची विचारपूर्वक केलेली योजनाच होती. फडताळ, कोनाडा, खुंटी, माळा या प्रत्येकाला ठरलेले काम होते. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारावर येई, त्यामुळे नको असलेल्या वस्तूला घराबाहेर जाण्याची सन्मानाची वाट मिळे. ती वाट आता अरुंद झाली आहे, आणि वस्तू मात्र वाढल्या आहेत.

विषय-विवेचन

आधी या कामाचे क्रियापद पाहू. मराठीत आपण घर ‘आवरतो’, राग ‘आवरतो’, अश्रूही ‘आवरतो’. सकाळी घाईत ‘आवरलं का?’ असे विचारतो. या क्रियापदात झाडणे-पुसणे दुय्यम आहे. सैल सुटलेले ताब्यात आणणे हा मुख्य अर्थ आहे. ‘निवडणे’ हे दुसरे उपयुक्त क्रियापद. तांदूळ निवडताना आपण खडे काढतो, तांदूळ टाकत नाही. ‘अडगळ’ हा शब्द मात्र जपून वापरावा. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू’ (२०१०) या कादंबरीच्या उपशीर्षकात अडगळीला ‘समृद्ध’ हे विशेषण लाभले आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच. दुसऱ्याच्या घरातील कोणती वस्तू अडगळ आहे, हे ठरवण्याचा अधिकार आपला नसतो.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, आपण भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी येथे राहता. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेशी नाते सांगणारे देवीचे मंदिर, तानसा नदी आणि उन्हाळी यांमुळे हे गाव सर्वपरिचित आहे. गावात मागणी मर्यादित राहील. पण शिरसाड-अंबाडी रस्त्याने एका बाजूला विरार-वसई आणि दुसऱ्या बाजूला अंबाडीवरून भिवंडी गाठता येते. भिवंडीची गोदामे ऑनलाइन मागवलेल्या मालाने भरलेली असतात. तोच माल पुढे घराघरांत जाऊन साठतो. म्हणजे पसाऱ्याचा उगम आणि आपला ग्राहक, दोन्ही एकाच परिसरात आहेत.

पहिले काम एका जुन्या घरातील आहे. बोलावणे सुनेने धाडले आहे. माळ्यावरची ट्रंक मात्र सासूबाईंची आहे. आपण वर चढून ‘आजी, हे टाकायचं का?’ असे विचारले, तर काम तेथेच थांबेल. ‘आजी, हे कुणाचं? कुठं ठेवू या?’ असे विचारले, तर त्या बोलू लागतील, आणि बोलता बोलता चार वस्तू स्वतःच बाजूला काढतील. ‘टाकणे’ आणि ‘ठेवणे’ यांतील हे अंतर व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. या व्यवसायाचे यश मात्र बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

ट्रंकेच्या तळाशी कागद निघतात. कोंडो यांच्या पद्धतीत वस्तू हातात घेतल्यावर आनंद होतो का, हे पाहावयाचे असते. सातबाऱ्याचा जीर्ण उतारा हातात घेऊन कोणालाही आनंद होत नाही. तरीही तो टाकला तर वारसाहक्काच्या वेळी घराला त्याची किंमत मोजावी लागू शकते. फेरफाराची नक्कल, घरपट्टीच्या पावत्या, जन्मदाखले, बँकेची जुनी पुस्तके यांबाबत एकच नियम पाळावा: वाचल्याशिवाय कागद हलवू नये आणि घरमालकाने पाहिल्याशिवाय तो रद्दीत घालू नये. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कागदाला ओल लागते, कसर लागते. म्हणून ते जमिनीपासून उंच, कोरड्या डब्यात ठेवावेत आणि डब्यावर आतील कागदांची यादी चिकटवावी.

यावरून माहितीपत्रकाची भाषा कशी असावी हे कळते. ‘आम्ही आपल्या घराचा स्वर्ग करू’ हे वाक्य काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘स्वयंपाकघर, कपाटे आणि माळा आपल्या देखत लावून देऊ. आपल्या संमतीशिवाय एकही वस्तू घराबाहेर जाणार नाही.’ दुसरे वाक्य वाचताना ग्राहकाची खरी भीती दूर होते.

मोबदला ठरवण्यापूर्वी घर प्रत्यक्ष पाहावे. फोनवर ‘एकच कपाट आहे’ असे सांगितले जाते, आणि कपाटाच्या मागे दुसरे निघते. तासांचा अंदाज, जाण्यायेण्याचा खर्च आणि डबे-टोपल्यांची किंमत वेगवेगळी लिहावी. नवशिके बहुधा प्रवासाचा वेळ हिशेबात धरत नाहीत. महिनाअखेरीस हाती काय उरले, हे पाहिल्यावर त्यांना ती चूक उमगते. उद्यम नोंदणी ऑनलाइन व निःशुल्क होते. केवळ सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते.

करार एका पानाचा असला तरी चालेल, पण तो असावाच. दागिने व रोकड ग्राहकाने आधीच बाजूला ठेवावी. परवानगीशिवाय घराची छायाचित्रे घेतली जाणार नाहीत. बाहेर जाणाऱ्या वस्तूंची यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या होतील. ही कलमे कर्मणी प्रयोगात लिहिली की करणारा कोण, हे धूसर होते. ‘यादी केली जाईल’ यापेक्षा ‘यादी सेवा देणारा करील’ हे अधिक सुरक्षित वाक्य आहे. वाद निर्माण झाला, तर नेमका हाच कर्ता शोधावा लागतो.

स्वाध्याय

आपल्याच घरातील एक कपाट वा ट्रंक निवडा. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन ती रिकामी करा व पुन्हा लावा. त्या वेळी झालेला संवाद बोलीसह जसाच्या तसा उतरवून काढा. ‘टाकणे’, ‘काढणे’, ‘देणे’, ‘ठेवणे’ ही क्रियापदे कोणी, कोणत्या वस्तूबद्दल आणि कोणत्या सुरात वापरली, याची नोंद करा. त्या नोंदीच्या आधारे सुमारे १०० शब्दांचे माहितीपत्रक लिहा.