सुटली असे वाटते, मग पुन्हा का?

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे 23:29-35



या पाठातील मद्यपी मार खातो, पण त्याला तो जाणवत नाही. आणि शुद्धीवर येताच तो पुन्हा मद्याच्याच शोधात निघतो. “मंडळीसमोर शपथ घेतली, तरी पुन्हा प्यायला. अशासाठी किती करायचे?” हा प्रश्न आपणही विचारतो. त्याचे थोडे उत्तर मेंदूत आहे.

अन्न, आपुलकी, श्रमाचे फळ मिळाले की मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते आणि ‘हे पुन्हा कर’ अशी खूण उमटते. ही देवाची देणगी आहे. 1954 मध्ये ओल्ड्स व मिल्नर या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. कळ दाबताच विजेचा सौम्य झटका मिळे. उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा दाबतच राहिले. दारूही याच यंत्रणेला हाताशी धरते.

वर्षानुवर्षे पिण्याने तीन गोष्टी घडतात. दारूतला आनंद कमी होतो, पण ओढ वाढते. मुलाचे हसणेही मग फिके वाटते. कपाळामागचा, ‘थांब’ म्हणणारा भाग दुबळा होतो. आणि दारूची सवय झालेला मेंदू ती अचानक थांबताच खवळतो : हात थरथरतात, झटके येतात, भास होतात. हे जिवावर बेतू शकते. म्हणून जुन्या पिणाऱ्याला घरी कोंडून दारू तोडू नका. प्रार्थना करा आणि डॉक्टरांकडेही न्या.

आशा आहे. दारू बंद राहिली तर मेंदू काही महिन्यांत बराचसा सावरतो. तोवर मोह दूर ठेवणारे गाव आणि सोबत देणारी माणसे लागतात. आदिवासीबहुल गडचिरोलीत लोकांच्या चळवळीमुळे 1993 मध्ये दारूबंदी झाली. तरी चोरटी दारू राहिलीच; म्हणून 2016 पासून ‘मुक्तिपथ’ अभियानात गावसंघटना आणि उपचार यांची जोड दिली गेली. केवळ कायदा किंवा केवळ उपदेश पुरत नाही.

आपल्या मदतीतून पाड्यावरचा एखादा भाऊ उपचार घेतो आणि पुन्हा घसरतो, तेव्हा ते दान वाया गेले असे समजू नका. उधळ्या पुत्राचा बाप वाटेकडे डोळे लावून होता. पाप ते पापच. पण आजाऱ्याला वैद्य हवा, हे प्रभूनेच सांगितले.

विचार करा :
1. घसरलेल्या माणसाला आपल्या मंडळीत परत यावेसे वाटेल का?
2. त्याच्या पत्नी-मुलांची विचारपूस या आठवड्यात कोण करील?

प्रार्थना : हे देवबापा, आम्हांला धीर धरणारे प्रेम दे. आमेन.