साधन बदललं, पाळी बदलली: पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

पाळणा लांबवण्याचं साधन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. माला-एन गोळ्या, छाया, अंतराचं इंजेक्शन, तांबी, निरोध, कशालाच पैसे पडत नाहीत. पैसे जायला लागतात ते साधन बदलल्यावर. पाळी पुढे जाते, मध्येच डाग दिसतात, नाहीतर अंगावरून जास्त जायला लागतं. घरात कुजबुज सुरू होते, कुणीतरी खासगी दवाखाना सुचवतं आणि पहिल्याच भेटीत सोनोग्राफी, तपासण्या, औषधं मिळून हजार-दोन हजार रुपये सहज उडतात. वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या ऊसपट्ट्यात ही रक्कम म्हणजे खुरपणीची कित्येक दिवसांची मजुरी. यातला बराच खर्च टळू शकतो, कारण कोणत्या साधनानंतर पाळी कशी वागेल हे आधीच माहीत असतं. ते बाईला वेळेवर सांगितलं मात्र जात नाही.

सगळ्यात जास्त धास्ती बसते ती गोळ्या सोडून तांबी बसवल्यावर. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या, तपकिरी. लोहाच्या गोळ्या चालू असताना जे जातं ते हार्मोन थांबल्यामुळे. ते थोडं असतं आणि ठरल्या दिवशी येतं. वर्षानुवर्षं त्याची सवय झालेली असते. तांबीत हार्मोन नाही. म्हणजे तुमची मूळची पाळी परत येते, आणि पहिले ३ ते ६ महिने तांबीमुळे त्यात आणखी भर पडते. तेव्हा तुलना करायचीच तर गोळ्या सुरू करण्यापूर्वीच्या पाळीशी करा. या काळात खरा खर्च आहे तो जास्तीच्या पॅडचा. जनऔषधी केंद्रातलं ‘सुविधा’ पॅड २०१९ पासून एक रुपयाला मिळतं. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहेत, त्या जरूर घ्या. रक्तस्राव कमी करणारी औषधंही असतात, पाळीच्या दिवसांपुरती, तिथल्याच डॉक्टरांना विचारून घ्यायची. एवढं करूनही त्रास सोसवत नसेल तर तांबी काढून घ्या. ३८०-ए तांबी १० वर्षं चालते, म्हणून १० वर्षं सोसलीच पाहिजे असं नाही.

अंतराचं उलटं आहे. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून आलेलं हे इंजेक्शन दर ३ महिन्यांनी घ्यायचं असतं. सुरुवातीला कधीही डाग लागतात, मग पाळी हळूहळू विरळ होते. वर्षभर घेतल्यावर जवळपास निम्म्या बायकांची ती बंदच पडते. रक्त पोटात साचतं, ते डोक्यात चढतं, असं सासवा-जावा सांगतात. तसं काही होत नाही. पिशवीचं अस्तर पातळच राहतं, त्यामुळे बाहेर पडायला काही नसतं. इंजेक्शन सोडल्यावरही पाळी महिनोन् महिने रेंगाळते आणि दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण ७ ते १० महिने लागतात. या मधल्या काळात पाळी आणायच्या गोळ्या आणि मूल राहण्याच्या तपासण्या यांवर पैसे घालणं म्हणजे निव्वळ नुकसान. पण पाळी नाही म्हणून दिवस राहणारच नाहीत, असंही धरून चालू नका. दुसरं साधन घ्यायचं असेल तर पाळीची वाट न पाहता, पुढच्या इंजेक्शनची तारीख असते त्या दिवसापर्यंत ते सुरू करा. आणि इंजेक्शन घेतल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायचीही नाही.

छाया ही हार्मोनची गोळी नाही; लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेलं हे आपल्याकडचंच औषध. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाळी लांबते आणि कमी जाते. तारखेवर १५ दिवस उलटले तर मात्र लघवीची तपासणी करा. ‘निश्चय’ किट आशाताईंकडे मोफत मिळतं. अगोदर हे किट वापरा, मग पुढचं बघा.

संबंधानंतर घ्यायच्या, मेडिकलमधल्या ७२ तासांच्या गोळीला शंभरेक रुपये पडतात; त्याच औषधाची सरकारी गोळी आशाताईंकडे असते. या गोळीनंतर पाळी काही दिवस मागेपुढे होणारच. महिन्यातून दोन-तीनदा घेणाऱ्या बायकांची पाळी पार विस्कटते आणि पैसेही जातात, म्हणून ती रोजचं साधन करू नका.

काही वेळा मात्र पैशाकडे न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तासाला एक पॅड भिजतंय आणि दोन तासांत थांबत नाही. तांबी बसवल्यावर ताप, ओटीपोटात कळा, घाण वासाचं पाणी. पाळी चुकलेली आणि एका बाजूला जोरात दुखतंय. गोळ्या चालू असताना पोटरी सुजली, छातीत दुखलं, एकाएकी डोकं फुटायला आलं. तांबीचा दोरा हाताला लागत नसेल, तर सोनोग्राफी करायला सबळ कारण आहे. संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग दिसला, तर साधनावर खापर फोडून ते अंगावर काढू नका.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यात शिरूरचं ग्रामीण रुग्णालय येतं आणि भीमेपलीकडे दौंडचं उपजिल्हा रुग्णालयही. तालुक्याची हद्द आडवी येत नाही. ज्या बाजूची गाडी लवकर मिळेल तिकडे जा. पुण्याचं ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथे हा निर्णय लागू होत नाही.

सर्वांत मोठा खर्च मी मुद्दाम मागे ठेवला आहे. ‘सारखं जातंय, पिशवीच काढून टाका’ हा सल्ला. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ही आकडेवारी आली. त्या बायकांची दुखणी वेगवेगळी होती, पण नुसत्या पाळीच्या त्रासाला वैतागून पिशवी गमावायची वाट किती सोपी झाली आहे, ते यातून दिसतं. साधनामुळे आलेला रक्तस्राव साधन बदलून किंवा काढून थांबतो. त्यासाठी ऑपरेशन सुचवलं गेलं तर सही करण्याआधी कारण लिहून मागा, सोनोग्राफीचा कागद हातात घ्या आणि सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तातडीचं कारण नसेल, तर तुम्हीही घाई करू नका.

कारखान्याच्या हंगामात कोप्यांवर उतरलेल्या बायकांनाही ही साधनं इथल्या उपकेंद्रात मिळतात. त्यांनी अंतराचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवावं. तारखेच्या २ आठवडे आधीपासून ४ आठवडे नंतरपर्यंत इंजेक्शन घेता येतं, त्यामुळे मुक्काम हलणार असेल तर जाण्याआधीच ते इथे घेऊन टाकता येईल.