आधी सोडायला शिकवा, मग धरायला
सांध्याचे लॉक नवशिक्यांना शिकवताना काय करावे, काय टाळावे

जव्हार-मोखाड्याच्या शाळेत मुलांना मनगट धरायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने एक गोष्ट मनाशी पक्की ठेवावी. तुम्ही जे मनगट वळवताय, ते पावसाळ्यात भाताच्या आणि नागलीच्या आवणीला लागणार आहे. ते दुखावलं, तर नुकसान तुमच्या वर्गाचं होत नाही, एका घराचं होतं.

असे लॉक ज्या हापकिडोत शिकवतात, ती कोरियाची कला. तिचे जनक मानले जाणारे चोई योंग-सुल दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून मायदेशी परतले आणि 1948 च्या सुमारास देगू शहरात शिकवू लागले. सांधा त्याच्या चालीच्या टोकापर्यंत नेऊन माणसाला जागीच रोखायचं, हा या कलेचा एक कणा आहे. तायक्वांदोच्या स्वसंरक्षणाच्या भागातही हेच लॉक येतात. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं ‘रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ आहे. हातात एवढाच वेळ असेल, तर काय शिकवायचं आणि काय सोडून द्यायचं, ते आधीच ठरवायला हवं.

काय करावे

1. पहिला तास फक्त थापेचा. दुखायच्या आधीच जोडीदाराच्या अंगावर, स्वतःच्या मांडीवर किंवा जमिनीवर दोनदा थाप मारायची. हात अडकला असेल तर पाय आपटायचा, नाहीतर ‘सोड’ म्हणून ओरडायचं. थाप ऐकू आली की त्याच क्षणी पकड सुटली पाहिजे. लॉक न लावता, नुसतं मनगट धरून हे वीस वेळा करून घ्या.

2. मग पडायला शिकवा. कोरियनमध्ये याला ‘नाकबॉप’ म्हणतात. आधी बसून, मग उकिडवं, शेवटी उभ्याने. हनुवटी छातीला, पाठ गोल. पडताना मागे हात टेकवायचा नाही. मनगटं बहुधा तिथेच मोडतात.

3. जागा स्वतः तयार करा. मॅट नसली तरी अडत नाही. भाताचा पेंढा वीतभर पसरा, वर ताडपत्री घट्ट ताणून कडा दगडांनी दाबा. आधी स्वतः अनवाणी चालून बघा. पाय घसरत असेल किंवा खाली खडा लागत असेल, तर त्या दिवशी कवायत घ्या.

4. सुटका आधी, लॉक नंतर. कुठल्याही मुठीत अंगठा आणि बोटं जिथे भेटतात, तिथे ती सर्वात कच्ची असते. मनगट त्या फटीकडे वळवून कोपर पुढे न्यायचं, की हात निसटतो. पहिला महिना यालाच द्या. लहान चणीच्या मुलीलाही हे जमतं, आणि जमलं की तिची मान ताठ होते.

5. लॉक चार अंकांत बांधा. हाना, तुल, सेत, नेत: धरा, सैलपणा काढा, थांबा, सोडा. मनगट हळू बाहेर वळवताना आधी नुसती कातडी हलते, मग हात वळतो. नंतर एक जागा अशी येते, की समोरच्याचा खांदा आपोआप उचलला जातो. तिथेच थांबायचं. ही जागा बोटांना कळली, की निम्मं शिकवून झालं.

6. आधी तुमचा हात द्या. प्रत्येक मुलाला एकदा तुमच्यावर लॉक लावू द्या. जोर कुठे जास्त होतोय हे तुम्हाला कळेल, आणि सरही थाप मारतात हे मुलांना दिसेल.

7. नजर चेहऱ्यावर ठेवा. इथली कितीतरी मुलं दुखलं तरी बोलत नाहीत; ओठ मिटून सोसतात. डोळे बारीक झाले, श्वास अडकला, की थाप नसली तरी तुम्ही ‘सोड’ म्हणा. काहींचे सांधे फार लवचिक असतात. त्यांना दुखायला लागेपर्यंत इजा झालेली असते.

8. सिकलसेलची चौकशी खासगीत करा. आदिवासी भागांत हा आजार आहे, आणि त्यात सांधेदुखी उसळते. 2023 पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणी होऊन कार्ड मिळतं. आजार असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारूनच उतरवा. पाणी भरपूर, दमछाक नाही, थंडीत उघड्यावर बसवणं नाही. आणि ही विचारणा वर्गासमोर कधीच नाही.

9. तारप्याचा दाखला द्या. तारपा नाचताना शेजाऱ्याच्या कमरेला हात असतो आणि पाऊल त्याच्या पावलाशी जुळतं. कुणी जोराने ओढलं, तर साखळी तुटते. ‘जोडीदाराशी तसंच जुळवून घे,’ एवढं सांगितलं की पुरतं.

काय टाळावे

1. झटका. अस्थिबंध हळू ताणले तर इशारा देतात. झटक्याला तेवढी सवड नसते. वर्गात झटका देणाऱ्याला त्या दिवसापुरतं बाजूला बसवा, मग तो कितीही हुशार असो.

2. बोटांचे लॉक. एकेक बोट वळवणं नवशिक्यांना दाखवूही नका. मुलं ते रात्री वसतिगृहात करून बघतात.

3. कोपरावर घाई. सरळ हाताच्या कोपरावर दाब दिला, तर ‘ठीक आहे’ आणि ‘मोडलं’ यांत फार थोडं अंतर उरतं. ज्युदोसारख्या मुरलेल्या खेळातही सांध्याचा लॉक फक्त कोपरावर चालतो, तोही पंचाच्या नजरेखाली. तुमच्या वर्गात कोपर तिसऱ्या महिन्याआधी नको, आणि थाप चुकणाऱ्या मुलाला तर नकोच.

4. मोठ्यांचा जोर लहानांवर. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग कोवळा असतो. तिथे इजा झाली, तर हाड वाकडं वाढू शकतं. प्राथमिकच्या मुलांना सुटका आणि पडणं एवढंच शिकवा.

5. ‘कोण जास्त सोसतो’ची स्पर्धा. थाप मारणाऱ्याला कुणी हसलं, तर वर्ग तिथेच थांबवा. थाप ही हार नाही, हे दर तासाला सांगा.

6. बांगड्या, कडी, गळ्यातले दोरे. काचेची बांगडी मनगटाच्या लॉकमध्ये फुटते. सगळं काढून एका डब्यात ठेवा. दोरा श्रद्धेचा असेल, तर ओढून काढू नका. त्यावर कापडी पट्टी गुंडाळा.

7. न विचारता स्पर्श. मुलींच्या वर्गात शिक्षिका हजर हवीच. दाखवण्यासाठी हात धरायचा तर आधी विचारा, आणि ‘नको’ म्हणाली तर तेवढ्यावर थांबा. स्वतःच्या शरीरावरचा हक्क शिकवायला आलेल्याने तो आधी स्वतः पाळावा.

8. खोटी हमी. ‘हा लॉक लावला की कुणीही आडवा होतो’ असं सांगू नका. मोठ्या माणसासमोर आधी ओरडणं, निसटणं, पळणं. मग विश्वासातल्या माणसाला सांगणं आणि 1098 किंवा 112 वर फोन.

9. सुजलेला सांधा चोळणं. मुरगळलेलं मनगट ओढून बसवायला जाऊ नका, तेलाने चोळू नका. बर्फ मिळाला नाही, तर माठातल्या पाण्याचं ओलं फडकं पुरतं. ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवा. आकार बदलला असेल किंवा बोटं बधिर झाली असतील, तर 108 ला फोन करा. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. पाड्यापासून तिथवरचा रस्ता लांबचा असतो, म्हणून वाट बघत बसू नका.

10. आवणीच्या दिवसांत नवे लॉक. मुलं सुट्टीत घरी जाऊन चिखलात वाकून आलेली असतात. त्या आठवड्यात पडणं आणि सुटका यांचीच उजळणी घ्या.

तीन महिन्यांनी परीक्षा घ्यायची वेळ येईल. कुणाला किती लॉक येतात, ते मोजू नका. दोघांना समोरासमोर उभं करा, एकाला पकड लावू द्या आणि थाप पडल्यावर हात किती चटकन सुटतो, तेवढंच पाहा. गुण त्यालाच द्या.