तापाची बाटली : मिलिग्रॅम वेगळं, मिलिलिटर वेगळं

सख्यांनो, पावसाळा लागला की घरोघरी लेकरं तापानं फणफणतात. डॉक्टर किंवा आशाताई पॅरासिटामॉल देतात. औषध एकच, पण बाटल्या वेगवेगळ्या, आणि घोटाळा इथंच होतो.

मिलिग्रॅम म्हणजे औषध किती. मिलिलिटर म्हणजे पातळ किती. चहाचंच घ्या ना. कप तेवढाच, पण एकात एक चमचा साखर, दुसऱ्यात चार. नुसता कप मोजून साखर कळत नाही.

लहान बाळांच्या ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा 1 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 125, नाहीतर 250. म्हणजे सगळ्यात छोटी बाटली, तीच सगळ्यात जास्त पॉवरची! आपण नेमकं उलटं समजतो.

एका वेळचा डोस वजनावर ठरतो, किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. 10 किलोच्या लेकराला 125 वाल्या सिरपचे 5 मिलिलिटर पुरतात, ड्रॉप्सचा जेमतेम 1. सिरपच्या सवयीनं कुणी ड्रॉप्सच 5 मिलिलिटर पाजले, तर 500 मिलिग्रॅम पोटात गेलं. चौपट! असं वरचेवर झालं तर लिव्हर खराब होतं, आणि सुरुवातीला लेकराकडे बघून काही कळतही नाही.

घरातला चमचा मापाला घेऊ नका, कुठले दोन चमचे सारखे असतात? बाटलीसोबतचं मापाचं झाकण किंवा ड्रॉपरच वापरा, आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला नको. दोन डोसांत निदान 4 तास जाऊ द्या. 24 तासांत 4 डोसांच्या वर नाही. सकाळी आईनं दिलं, दुपारी आजीनं परत दिलं, असं होतं. म्हणून दिलेली वेळ कॅलेंडरवर लिहा. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं; ते चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाचं वेगळं देऊ नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी काही न देता थेट दवाखाना गाठा.

जास्त औषध गेलंच, तर लेकरू खेळतंय म्हणून थांबू नका. उलटी करवू नका. 108 ला फोन लावा आणि बाटली सोबत न्या, डॉक्टर आधी तीच मागतील.

येत्या बैठकीला घरातली तापाची बाटली घेऊन या. 5 मिलिलिटरला किती मिलिग्रॅम, ते प्रत्येकीनं मोठ्यानं वाचायचं. जिला वाचता येत नाही, तिच्या बाटलीवर शेजारणीनं डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाची खूण करून द्यायची.