हातपाय बारीक, पोट सुटलेले

गेल्या महिन्यात विहारात वंदना झाल्यावर आम्ही वजनकाटा आणि शिंप्याची टेप घेऊन बसलो. काट्यापाशी रांग लागली, टेपपाशी कोणी येईना. "आम्ही काय शेठजी आहोत का पोट मोजायला?" एक काका हसून म्हणाले. लठ्ठपणा हा खात्यापित्या घरचा आजार, हा समज आपल्या वस्तीत अजून पक्का आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाहा. २०१५-१६ मध्ये देशात शंभरातील २१ स्त्रिया आणि १९ पुरुष जादा वजनाचे होते. २०१९-२१ मध्ये ते २४ आणि २३ झाले. शहरातील स्त्रियांत तर ३३. आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाची मुले १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेली. त्याच सर्वेक्षणात राज्यातील ३५ टक्के मुलांची उंची खुंटलेली निघाली. म्हणजे एकाच गल्लीत दोन्ही आहे. कधी एकाच घरात, आई जाड आणि लेकरू किडमिडीत.

पुढे काय होते ते इंग्लंडमध्ये दिसते. तिथे सरकारी शाळांत दहा-अकरा वर्षांच्या मुलांची उंची व वजन दरवर्षी मोजतात. सर्वांत गरीब भागात लठ्ठ मुलांचे प्रमाण सर्वांत सधन भागाच्या दुपटीहून जास्त आहे. स्वस्त पोटभरीचे खाणे आणि खेळायला जागा नाही, हे चित्र आपल्याला अनोळखी नाही.

आता टेपचे कारण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांतील नवजात बाळे मोजली. ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. आपली बाळे स्नायूंनी कमी, पण चरबी त्या मानाने कमी नव्हती. पोटुशी आई अर्धपोटी राहिली की गर्भ असा घडतो. २००४ साली याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१ टक्के आणि युडकिनांची ९! काट्याला हे कळत नाही. म्हणून भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा ठरली आहे: बाईची ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच), पुरुषाची ९० (साडेपस्तीस इंच). शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप आवळून न धरता मोजायचे. त्यापुढे गेले की मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका वाढतो, मग हातपाय कितीही बारीक असोत.

पहाटे झाडू घेऊन निघणारी, नंतर चार घरची भांडी करणारी बाई आळशी कशी? तरी तिचे पोट सुटते. दिवसभर चहावर काढायचे आणि रात्री दहाला भाताचा ढीग. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे चाळीस ग्रॅम. महिन्याला बाराशे ग्रॅम साखर एकट्या चहातून पोटात जाते. आधी एक चमचा कमी करा. लेकरू रडले की पाच रुपयांचे पाकीट हातात देणे आम्हीही केले आहे, पण त्याच पाच रुपयांत मूठभर फुटाणे येतात. मुलांना उपाशी मात्र ठेवू नका. लहानग्यांचे वजन-उंची अंगणवाडीत मोजून घ्या.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आशाताई त्यासाठी जो फॉर्म भरते, त्यात कंबरेच्या मापाचा रकाना असतो. तो अंदाजाने भरू देऊ नका, टेप लावायला सांगा. त्या दिवशी शेवटी काकांनीही टेप लावून घेतली. माप ९६ निघाले. सोमवारी ते केंद्रावर गेले.